मलावीहून परतण्याआधी

तिथल्या बाळंतपणाच्या वॉर्डमधला शेवटचा आठवडा नुसत्या निरोपांत घालवू नकोस गं. वॉर्डच्या सिस्टरसोबत बस आणि हँडओव्हर लिही, तोही तुझ्या वहीत नाही, त्यांच्या रजिस्टरमध्ये. फ्रिजचं तापमान रोज कोण बघणार, वीज गेली तर इंजेक्शनं कुठल्या कोल्ड बॉक्समध्ये जाणार, हे नावानिशी ठरवून ये. ऑक्सिटोसिनच्या इंजेक्शनला २ ते ८ अंश लागतात. उष्णतेत राहिलेली कुपी दिसते तशीच, पण बाळंतिणीचा रक्तस्राव थांबवताना दगा देते. हे सगळं तू एकटी सांभाळत होतीस, म्हणून ती व्यवस्था तुझ्यासोबत विमानात बसता कामा नये.

अनुभवपत्रावर नुसतं 'काम उत्तम' नको. किती बाळंतपणं स्वतः केलीस, किती पाहिलीस, कोणाच्या देखरेखीखाली, हे वेगवेगळं लिहून घे, सहीशिक्क्यासह. परळला मुलाखतीला गेलीस की हेच विचारतील. मात्र तेवढ्यावर इथे मिडवाइफ म्हणून काम मिळेल असं धरून चालू नकोस. २०१८ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत नर्स प्रॅक्टिशनर मिडवाइफसाठी १८ महिन्यांचं वेगळं प्रशिक्षण आहे. त्याची चौकशी आल्याआल्या कर.

बायांचे, बाळांचे फोटो फोनमधून काढून टाक. त्यांनी हसून हो म्हटलं असलं तरी.

आणि मुंबईत उतरलीस म्हणून मलेरियाच्या गोळ्या बंद करू नकोस. डॉक्सिसायक्लिन असेल तर परतल्यावरही ४ आठवडे घ्यायची असते. ताप आला तर पावसाळी ताप म्हणून अंगावर काढू नकोस. डॉक्टरांना आधी मलावीचं नाव सांग आणि त्याच दिवशी रक्त तपासून घे.