मैदानावरचा उकाडा आणि पोटरीतले गोळे

प्रश्न : मुलगा १३ वर्षांचा, कबड्डी खेळतो. मालवणजवळच्या आमच्या गावात मे महिन्यात दुपारी चारला सराव सुरू होतो. तासाभरात त्याच्या पोटऱ्यांत गोळे येतात, डोकं दुखतं. पाणी तर पितो. काय चुकतंय?

उत्तर : आधी वेळ बदला. किनाऱ्यावरच्या दमट हवेत घाम निथळतो, पण सुकत नाही. आणि तो सुकल्याशिवाय अंग थंड होत नाही. सकाळी साडेसहा किंवा संध्याकाळी साडेपाचनंतर सराव ठेवा. सुट्टीनंतर पहिले दहा-बारा दिवस जोर हळूहळू वाढवा.

गोळा आला की खेळ थांबवून सावलीत बसवा, पायाचा चवडा गुडघ्याकडे ओढून पोटरी हलकेच ताणा.

सरावाआधी आणि नंतर वजन करा. अर्धा किलो घटलं तर साधारण अर्धा लिटर घाम गेला. दर वीस मिनिटांनी चार-पाच घोट पाजा. तहानेची वाट पाहू नका. घाम फार येत असेल तर ओआरएस द्या, पुडीवर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात. मीठ घातलेलं कोकम सरबतही चालेल, फार गोड नको.

मूल बरळू लागलं, तोल गेला किंवा शुद्ध हरपली तर तो उष्माघात समजा. लगेच अंगावर गार पाणी ओता, वारा घाला, १०८ला फोन करा. तोंडात पाणी ओतू नका, ठसका लागून ते श्वासनलिकेत जातं. गाडीची वाट पाहतानाही पाणी ओतणं थांबवू नका.