साखर कारखान्यात रस आटवणाऱ्या चार बॉडींच्या (एकामागोमाग जोडलेल्या पात्रांच्या) इव्हॅपोरेटरला पाचवी बॉडी जोडली तर खरंच वाफ वाचते का?

कागदावर वाचते, कारण एका बॉडीत रसातून उठलेली वाफ (व्हेपर) पुढचीला तापवते. 15 ब्रिक्सचा (शंभरात 15 भाग विरघळलेले घटक असलेला) क्लिअर ज्यूस, म्हणजे साफ केलेला रस, 60 ब्रिक्सच्या सिरपपर्यंत आणायचा तर दर 100 किलो रसातून 75 किलो पाणी उडवावं लागतं. चार बॉडींत त्याला ढोबळमानाने 19 किलो एक्झॉस्ट (टर्बाइनमधून बाहेर पडलेली वाफ) लागते, पाच बॉडींत 15. चार किलो वाचले! तुमच्या साहेबांनी हाच आकडा पुढे केला असणार. आम्हालाही हाच दाखवला होता.

तेव्हा आमचं सिरप काही केल्या 53 च्या वर जाईना. पॅनवाले (सिरप उकळून त्याची साखर बनवणारे) वैतागले होते, कारण इव्हॅपोरेटरने सोडलेलं पाणी पॅनमध्ये उडवायचं म्हणजे किलोला किलोभर वाफ. चीफ इंजिनिअरांचं निदान ठरलेलं : नळ्यांना स्केल (क्षारांचा थर) धरलंय. गाळप थांबवून कॉस्टिक उकळलं, ब्रश मारले, आणि पुढच्याच पाळीत ये रे माझ्या मागल्या. मग म्हणाले, सरफेस (तापवणाऱ्या नळ्यांचं क्षेत्रफळ) कमी पडतोय, पाचवी बॉडी घ्या.

मी प्रोसेसचा माणूस. माझं म्हणणं एवढंच होतं की आधी तिसरी बॉडी बघा. तिच्या कॅलेंड्रियातल्या (नळ्यांभोवती वाफ भरते त्या भागातल्या) दाबाला वाफ जितकी गरम असायला हवी, त्याच्या बरंच खाली थर्मामीटर दाखवत होता. लॅगिंग (उष्णता अडवणारं आवरण) निघालेल्या जागी हात लावला तर एका बाजूला चटका बसायचा, दुसऱ्या बाजूला हात ठेवून निवांत गप्पा मारता आल्या असत्या. आत वाफेबरोबर आलेला, निवून पाणी न होणारा गॅस कोंडलाय हे सांगायला आणखी काय हवं? पण हा नॉक्शस गॅस बाहेर सोडायचा व्हॉल्व्ह 'फुल ओपन' आहे, असं प्रत्येक पाळी शपथेवर सांगत होती. हँडव्हील फिरतही होतं. शेवटी व्हॉल्व्ह खोलला, तर डिस्क स्पिंडलवरून निसटून सीटवर जाऊन बसलेली. वरचं चाक कितीही फिरवा, वाट बंदच. व्हॉल्व्ह बदलला आणि सिरप 60 ला आलं. मीटिंगमध्ये श्रेय मात्र कॉस्टिकला मिळालं, आणि फाइल पुढे सरकली होती म्हणून पाचवी बॉडीही आली. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

तिने काय झालं? एक्झॉस्ट 120 अंश आणि शेवटची बॉडी 55, हा 65 अंशांचा फरक आहे तेवढाच राहिला. तो चारऐवजी पाच जणींत वाटला गेला. त्यातही सिरप घट्ट होत जातं तसा त्याचा उत्कलनबिंदू चढतो, ती कपात प्रत्येकीच्या वाट्यातून होतेच. त्यामुळे पाचवी बॉडी लावून गाळप वाढेल असं कुणी सांगत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवा.

पैसा घालायचाच तर व्हेपर ब्लीडिंगमध्ये, म्हणजे मधल्या बॉडीची व्हेपर दुसऱ्या कामाला काढून घेण्यात घाला. 100 किलो रस 30 वरून 70 अंशांवर न्यायला साधारण साडेसहा किलो वाफ लागते. ती एक्झॉस्टऐवजी तिसऱ्या बॉडीच्या व्हेपरमधून घेतली तर चार बॉडींच्या सेटमध्ये तिचा तीन चतुर्थांश, म्हणजे जवळजवळ पाच किलो एक्झॉस्ट वाचते, कारण ती चारांपैकी तीन बॉडींत काम करून आलेली असते. पाचव्या बॉडीपेक्षा जास्त, तेही पाइप आणि हीटरच्या सरफेसवर. हे गणित नॉर्बर्ट रिलियूच्या नावाने ओळखलं जातं, ज्याने या यंत्रणेचं पेटंट 1843 मध्ये घेतलं. कॅलेंड्रियातला गॅस सतत काढत राहा, हा नियमही त्याच्याच नावावर आहे. आमच्या साहेबांपर्यंत तो पोचायचा होता, इतकंच.

आता राहिलेलं. तुमचे हीटर आधीपासूनच तिसऱ्या बॉडीवर असतील, गॅस, कंडेन्सेट (वाफ निवून झालेलं पाणी) आणि व्हॅक्यूम जागच्या जागी असतील, तर पाचवी बॉडी विचार करण्यासारखी आहे, पण पुरेशा सरफेससह. पॅनही व्हेपरवर चालत असतील तर ते झटक्याझटक्याने ओढतात आणि सगळा सेट हेलकावे खातो, त्याची सोय आधी बघा. आणि वीज बॅक-प्रेशर टर्बाइनवर (वीज बनते तशी जिच्यातून एक्झॉस्ट निघतच राहते) बनत असेल तर वाचलेल्या एक्झॉस्टला गिऱ्हाईक आहे का तेही तपासा. नाहीतर ती ब्लो-ऑफमधून छपरावर जाईल आणि बगॅस (उसाचा चोथा) पूर्वीइतकाच जळेल.