पाळीवरची ‘ब्रिटिशकालीन’ पाटी

वाचक विचारतात : जमीन, गाव आणि जुने कागद

प्रश्न : ताई, नमस्कार. मी मूळचा साकोली तालुक्यातला. नोकरीमुळे नागपुरात, प्रतापनगरला राहतो. आमच्या गावच्या तलावाच्या पाळीवर (बांधावर) ‘ब्रिटिशकालीन तलाव’ अशी पाटी लागली आहे. जुनी मंडळी म्हणतात, इंग्रजाने तलाव बांधले, कागद नीट ठेवले, वाट आपल्या लोकांनी लावली. माझे आजोबा मात्र सांगायचे की तलाव कोहळ्यांनी बांधला. खरं काय? आणि याचा काही कागद मिळेल का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : आजोबांचं म्हणणं धरून चला. साकोली-लाखांदूर पट्ट्यातले जुने तलाव बहुतेक कोहळी समाजाचे. गोंड राजांच्या काळापासून हे लोक पाळी बांधत आले. चांद्याच्या (आजचं चंद्रपूर) गोंड राजा हिरशहाने ‘जो तलाव बांधील, त्याच्या पाण्याखाली भिजेल ती जमीन त्याची’ असा हुकूम काढला होता, असं परंपरेने सांगितलं जातं. नवेगावबांध तर अख्ख्या महाराष्ट्राला माहीत आहे. आणि साक्षच हवी असेल तर ती इंग्रजांच्याच दप्तरात आहे. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचे मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरचे चार खंड 1916 साली निघाले. त्यात कोहळ्यांची ओळखच तलाव बांधणारे शेतकरी अशी करून दिलेली आहे. साहेबाने स्वतः जे श्रेय घेतलं नाही, ते आपण पाटी रंगवून त्याला देतो आहोत. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मग इंग्रजांनी काय केलं? त्यांनी तलावाला मालक दिला.

माझी सगळी वकिली नागपुरात महसुली दाव्यांत गेली, त्यामुळे इथे जरा सविस्तर लिहिते. भोसल्यांच्या राज्यात गावचा पाटील किंवा मालगुजार वसुली करून देणारा माणूस होता. गाव विकायचा हक्क त्याला नव्हता. 1854 मध्ये नागपूर खालसा झालं, 1861 मध्ये मध्य प्रांत तयार झाला आणि 1862 पासून सर रिचर्ड टेंपल चीफ कमिशनर म्हणून नागपुरात बसू लागले. आपला अजब बंगला त्यांच्याच कारकिर्दीतला, 1863 सालचा. त्यांच्या काळात बंदोबस्ताचं, म्हणजे जमीन मोजून सारा ठरवण्याचं, काम झपाट्याने चाललं आणि मालगुजाराला गावाचा मालकी हक्क मिळाला. शेतं, पडीक, झुडपी जंगल, तलाव, बोड्या (छोटे तलाव), सगळं त्याच्या नावे. हेतू असा, की मालक झालेला माणूस जमिनीत पैसा घालेल. काहींनी घातलाही. चांगल्या मालगुजारांनी पाळी राखल्या, नवे तलावही बांधले, हे नाकारून चालणार नाही.

पण मालकी आली की गहाण आलं. सारा रोकडीत, हप्त्याने, पाऊस पडो न पडो. मालगुजार सावकाराकडे गेला आणि गावंच्या गावं सावकारांच्या घशात गेली. कुळांना वाचवायला सरकारला पुन्हा 1883, 1898 आणि 1920 असे तीन कूळकायदे करावे लागले. 1896-97 आणि 1899-1900 या दोन दुष्काळांनी प्रांत इतका खंगला की 1891 ते 1901 या दहा वर्षांत लोकसंख्या वाढायच्या ऐवजी घटली. त्यानंतर पाटबंधाऱ्याची मोठी कामं सुरू झाली. रामटेकची खिंडसी, सावलीकडचा असोलामेंढा ही इंग्रजी अमलातली. तिथे खुशाल ‘ब्रिटिशकालीन’ लिहा.

‘वाट आपल्या लोकांनी लावली’ यात तथ्य आहे, पण अर्धंच. मालगुजारी निर्मूलनाचा कायदा 1950 चा, अंमल 31 मार्च 1951 पासून. तेव्हा नागपूर मध्य प्रदेशची राजधानी होतं. मालगुजारी गेली याचा मला आनंदच आहे. पण तलाव गावाकडे परत आला नाही, तो मालगुजाराकडून सरकारकडे गेला. टेंपलच्या काळात ठरलं होतं की तलावाला गावाबाहेरचा चालेल, पण एक मालक हवा. आपण मालक बदलला, ती समजूत तशीच ठेवली. सरकारने पाणीपट्टी मागितली. हे पाणी आमच्या निस्ताराचं, म्हणजे वहिवाटीच्या हक्काचं, असं म्हणून लोकांनी हात वर केले, आणि डागडुजीला कोणी वाली उरला नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीतल्या हजारो मामा (माजी मालगुजारी) तलावांची ही कथा आहे.

तुडूम, म्हणजे तलावातून पाणी सोडायची जुनी सोय, पाहिलंय ना? पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरणारी भोकं, प्रत्येकात लाकडी गुट्टा. वरचं पाणी संपलं की पाणकर खालचा गुट्टा काढतो आणि पाणी पाटाने बांध्यांत (धानाच्या शेतांत) जातं. कोणाच्या बांधीला आधी आणि कोणाच्या नंतर, हे गावाने ठरवलेलं. त्यावर ना शिक्का ना सही, आणि रोवणी अडल्याचं मी फारसं ऐकलं नाही. आज कित्येक पाळींवर तुडूम बुजलेलं, येवा (पाणी तलावात येण्याची वाट) अतिक्रमणात गेलेला, पोटात बेशरमाची झुडपं माजलेली.

आता कागद. इथे मात्र इंग्रजी पद्धतीचा उपयोग करून घ्या, त्यात काही कमीपणा नाही. तीन गोष्टी मागा : बंदोबस्त मिसल (बंदोबस्ताच्या वेळची गावाची फाइल), निस्तार पत्रक (गावाच्या सामाईक वापराच्या हक्कांची नोंद) आणि वाजिब-उल-अर्ज (गावच्या रिवाजांची नोंद). निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज ही दोन्ही महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतही आहेत (कलम 161 आणि 165). चराई, सरपण, स्मशान, गुरांची वाट, पाणी घेण्याचा आणि मासे धरण्याचा रिवाज, असं सगळं या कागदांत सापडतं. तलावावर ढिवरांचा (मासेमारांचा) हक्क काय, तेही तिथेच शोधा. तहसीलच्या किंवा जिल्ह्याच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करताना मौजा, प. ह. नं. (पटवारी हलका नंबर) आणि तलावाचा जुना खसरा (भूमापन) नंबर लिहा. नुसतं गावाचं नाव दिलंत तर हेलपाटे पडतील. नक्कल मिळाली की ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवा आणि ठराव करून पाटी बदला.

प्रश्न : नागपूर खालसा करताना एकाही इंग्रज अधिकाऱ्याने विरोध केला नाही का?
— एक वाचक, महाल

उत्तर : केला. नागपूरचे राजे तिसरे रघुजी भोसले डिसेंबर 1853 मध्ये वारले, औरस वारस नव्हता. तेव्हाचे रेसिडेंट मॅन्सेल यांनी घराण्याच्या बाजूने लिहिलं. कलकत्त्याच्या कौन्सिलात कर्नल लो यांनी उघड विरोधी मत नोंदवलं. गव्हर्नर-जनरल डलहौसीने दोघांचंही ऐकलं नाही. राजघराण्यातल्या वडीलधाऱ्या राणी बाकाबाईंनी हरकती घेतल्या. राजवाड्याचं जडजवाहीर कलकत्त्याला विक्रीला गेलं, हत्ती-घोडे-बैल सीताबर्डीवर लिलावात मातीमोल गेले. साहेबांतही भला माणूस होता, हे मला मान्य आहे. पण निकाल त्याच्या हातात नव्हता, आणि लिलाव त्याच्या डोळ्यांदेखत झाला.