वाचकांचे प्रश्न: हाडांसाठी व्हिटॅमिन के-टूची गोळी घेऊ का?

प्रश्न: माझं वय ६१. हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी केली, मणक्याचा टी-स्कोअर (घनतेचा आकडा) उणे २.७ आला. डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा घ्यायची, हाडांची झीज कमी करणारी ॲलेन्ड्रोनेटची गोळी दिलीय, पण ती घेतल्यावर अर्धा तास आडवं व्हायचं नाही वगैरे ऐकून धास्तीच बसली. मैत्रीण म्हणते ती सोड आणि के-टू घे, नॅचरल आहे, कॅल्शियम थेट हाडात जातं. डबीसुद्धा आणून दिली तिने. काय करू?

उत्तर: ताई, डबी घरात आलीच आहे तर चष्मा लावा आणि मागची बारीक अक्षरं वाचा. बहुतेक एमके-७ (के-टूचा एक प्रकार) असं लिहिलेलं असेल आणि पुढे शंभर-दोनशेच्या घरातला आकडा, मायक्रोग्रॅममध्ये. हे आधी बघायला सांगतोय कारण "जपानमध्ये हे ऑस्टिओपोरोसिसचं, म्हणजे हाडं ठिसूळ होण्यावरचं, औषध आहे" असं हमखास ऐकवलं जातं. ते खरंच आहे, १९९५ पासून आहे, पण तो प्रकार एमके-४ आणि डोस रोज ४५ मिलिग्रॅम, म्हणजे ४५,००० मायक्रोग्रॅम! तुमच्या डबीचा त्याच्याशी फक्त आडनावापुरता संबंध.

मैत्रीण अगदीच काहीतरी बोलतेय असंही नाही हं. हाडं बनवणाऱ्या पेशी ऑस्टिओकॅल्सिन नावाचं प्रोटीन तयार करतात आणि त्याला कॅल्शियम धरून ठेवता यावं म्हणून व्हिटॅमिन के लागतं. गोळ्या सुरू केल्या की रक्तातलं अर्धवट तयार झालेलं ऑस्टिओकॅल्सिन कमी होतं, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. पण रक्ताचा रिपोर्ट सुधारला म्हणजे पडल्यावर हाड मोडणार नाही असं थोडंच आहे, आणि गाडी नेमकी इथेच अडते. नेदरलँड्समध्ये पाळी गेलेल्या निरोगी बायकांना रोज १८० मायक्रोग्रॅम एमके-७ तीन वर्षं दिलं, तर मणका आणि मांडीच्या हाडाच्या मानेची झीज जरा हळू झाली (२०१३). मग डेन्मार्कमध्ये हाडं आधीच विरळ झालेल्या बायकांना त्याच्या दुप्पट, ३७५ मायक्रोग्रॅम, तीन वर्षं दिलं, सोबत कॅल्शियम आणि डी सगळ्यांनाच होतं, तर घनतेत काहीच फरक नाही (२०२१). २००६ मध्ये जपानी चाचण्या एकत्र करून फ्रॅक्चर खूप कमी होतात असा निष्कर्ष आला होता, पुढे त्यातल्या काही चाचण्याच भरवशाच्या नाहीत म्हणून बाद झाल्या आणि २०१८ मध्ये तो निष्कर्ष मागे घेऊन नव्याने मांडावा लागला.

म्हणून माझं मत सरळ आहे, उणे २.५ च्या खाली, म्हणजे ऑस्टिओपोरोसिसच्या पातळीत, स्कोअर असताना ॲलेन्ड्रोनेट सोडून के-टू घेणं हा तोट्याचा सौदा आहे. अर्धा तास बसायचं ते एवढ्यासाठीच की गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथे जळजळ, जखम होते. सकाळी उपाशीपोटी पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्या आणि घरात फिरत राहा, झालं. के-टू वरून घ्यायचंच असेल तर डॉक्टरांना डबी दाखवून घ्या, आणि जेवणासोबत, कारण ते फॅटमध्ये विरघळणारं आहे.

प्रश्न: आई वॉरफॅरिनवर आहे. तिची हाडंही ठिसूळ झालीत. तिला के-टू चालेल?

उत्तर: नाही, स्वतःच्या मनाने अजिबात नाही. वॉरफॅरिन व्हिटॅमिन केचं चक्र अडवूनच रक्त पातळ ठेवतं, त्यामुळे एमके-७ च्या छोट्या डोसनेही आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा) खाली येऊन गुठळीचा धोका वाढू शकतो. उलट भीतीपोटी पालेभाजी पूर्ण बंद करणारेही असतात, तेही नको, रोज साधारण तेवढीच खायची. एपिक्साबॅन किंवा रिव्हारोक्साबॅन ह्या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या असत्या तर ही भानगड नव्हती, त्या वेगळ्या वाटेने काम करतात.

प्रश्न: माझ्या रिपोर्टमध्ये 'के' कमी आलंय, म्हणून व्हिटॅमिन के सुरू केलं. बरोबर ना?

उत्तर: अहो, तो 'के' म्हणजे पोटॅशियम! आजच डॉक्टरांना फोन करा.