कमेंटवरून ठाण्यातून फोन आला, आणि लग्न महिन्यावर आहे

प्रश्न : मी 27 वर्षांची आहे. गाव सांगली जिल्ह्यात, नोकरी पुण्यात. माझा होणारा नवरा दुसऱ्या धर्माचा आहे आणि आम्ही विशेष विवाह कायद्याखाली नोटीस दिली आहे. मुलीने धर्माबाहेर लग्न करायचं तर आईवडिलांची संमती सक्तीची करा, असं आमच्या भागातल्या एका पुढाऱ्याने भाषणात सांगितलं. त्या व्हिडिओखाली मी लिहिलं, ‘सज्ञान मुलीने कुणाशी लग्न करायचं हे पुढारी ठरवणार का? मतं मागायला येता तेवढं पुरे. आणि स्वतःच्या पुतणीला कोंडून मारहाण केली, ते आधी सांगा.’ धार्मिक भावना दुखावल्याची तक्रार झाली. गावच्या ठाण्यातून फोन आला, व्हॉट्सअ‍ॅपवर नोटीसही आली. आमच्या विवाहाच्या नोटिशीचा फोटो माझ्या पत्त्यासह गावभर फिरतोय, खाली घाणेरडं लिहिलंय. वडील म्हणतात, कमेंट काढ, माफीनामा टाक आणि विषय मिटव. काय करू?

उत्तर : माफीनामा टाकू नका. वकिलाने वाचल्याशिवाय एक ओळही नको. वडिलांची काळजी खरी आहे, पण असे माफीनामे बहुतेक वेळा समोरच्यांनी सांगितलेल्या शब्दांत लिहिले जातात. ‘माझ्या लिखाणामुळे समाजाच्या भावना दुखावल्या, माझी चूक झाली’ असं तुम्ही सहीनिशी लिहिलंत, की जे फिर्यादीला सिद्ध करावं लागलं असतं त्यातलं निम्मं तुम्हीच लिहून दिलेलं असतं.

आता कमेंट पाहू. पहिली दोन वाक्यं हे तुमचं मत आहे. जाहीर भाषणात मांडलेल्या मागणीवर नागरिकाने कडक शब्दांत बोलणं हा गुन्हा नाही. अशा तक्रारीत भारतीय न्याय संहितेची 196, 299 आणि 353 (खोटी माहिती किंवा अफवा पसरवणं) ही कलमं लावायची मागणी होते. 196 साठी दोन समाजांत वैर वाढवण्याचा प्रयत्न दिसावा लागतो. तुम्ही कुठल्याही समाजाबद्दल शब्द काढलेला नाही, एका पुढाऱ्याला प्रश्न विचारलाय. 299 साठी जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने धर्माचा अपमान केलेला असावा लागतो. तुमच्या तीन वाक्यांत धर्म कुठेच नाही.

न्यायालयांची भूमिकाही या बाबतीत स्पष्ट आहे. 2012 साली पालघरमध्ये मुंबई बंदबद्दलच्या फेसबुक पोस्टवरून दोन तरुण मुलींना अटक झाली. एकीने लिहिलं होतं, दुसरीने नुसतं लाइक केलं होतं. त्यानंतर ‘आक्षेपार्ह’ ऑनलाइन मजकुराला गुन्हा ठरवणारं, माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66अ न्यायालयात गेलं आणि 24 मार्च 2015 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते रद्दच केलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका प्राध्यापकावर व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवरून नोंदवलेला गुन्हाही सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2024 मध्ये रद्द केला. दोन्ही वेळा मुद्दा तोच होता : न पटणारं बोलणं वेगळं आणि चिथावणी वेगळी. शब्दांचा परिणाम खंबीर, समंजस माणसाच्या नजरेने मोजायचा, डळमळीत मनाच्या माणसाच्या नाही, ही कसोटी स्वातंत्र्यापूर्वी नागपूर उच्च न्यायालयात न्या. व्हिव्हियन बोस यांनी सांगितली होती. आजही तीच लावतात.

अडचण तिसऱ्या वाक्यात आहे. पुतणीला मारहाण केली, हे मत नाही. घडलेल्या गोष्टीचा दावा आहे आणि तो एका माणसाच्या अब्रूवर आहे. ‘सगळ्यांना माहीत आहे’ हा पुरावा होत नाही. हे तुम्ही ऐकीव माहितीवर लिहिलं असेल तर बदनामीचं कलम 356 इथे उभं राहू शकतं. त्यात दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही किंवा समाजसेवा अशी शिक्षा आहे. मात्र हा गुन्हा अदखलपात्र आहे. त्यासाठी पोलीस थेट उचलून नेऊ शकत नाहीत; ज्याची बदनामी झाली त्याने न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावं लागतं. आणखी एक गोष्ट मला मनापासून वाटते. ती पुतणी खरी मुलगी आहे. तिच्यावर काही गुदरलं असेलच, तर ते जगाला सांगायचं की नाही हे तिने ठरवायचं. ‘या विधानाला माझ्याकडे आधार नाही, एवढं वाक्य मागे घेते’ असं वकिलाकडून लिहून घ्या आणि ते वाक्यच मागे घ्या. बाकीची दोन नाही.

तोवर काहीही डिलीट करू नका. कमेंट, तिची लिंक, तारीख-वेळ, मूळ व्हिडिओ आणि खालच्या सगळ्या शिव्या जशाच्या तशा जपून ठेवा. पुढे स्क्रीनशॉट न्यायालयात द्यायचे तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र लागतं, म्हणून ज्या फोनवर हे काढाल तो विकू नका, फॉरमॅट करू नका.

ठाण्याचं म्हणाल, तर अशी नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर बजावू नये असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये बजावलं आहे. पण तेवढ्यावर गप्प बसू नका. वकिलामार्फत लेखी विचारा : गुन्हा नोंदवलाय का, क्रमांक काय, कलमं कोणती, की ही नुसती प्राथमिक चौकशी आहे? मार्च 2025 मध्ये काँग्रेस नेते इम्रान प्रतापगढी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की अभिव्यक्तीच्या तक्रारीत तीन वर्षं किंवा जास्त, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेची कलमं असतील तर गुन्हा नोंदवण्याआधी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (तपास आणि अटकेची पद्धत ठरवणारा कायदा) कलम 173(3) खाली 14 दिवसांची चौकशी करणं योग्य. हा निकाल नोटिशीच्या उत्तराला जोडा. त्याच संहितेच्या कलम 35(3) ची, म्हणजे पोलिसांसमोर हजर राहण्याची, रीतसर नोटीस आली तर दिलेल्या दिवशी हजर राहाच. नोटीस पाळणाऱ्याला, अटक का गरजेची हे लिहून ठेवल्याशिवाय, अटक करता येत नाही; न पाळणाऱ्याला करता येते. सूर्यास्तानंतर स्त्रीला अटक करायची तर अपवादात्मक कारण, महिला अधिकारी आणि न्यायदंडाधिकाऱ्यांची आगाऊ परवानगी लागते. फोन मागितला तर पंचनाम्याशिवाय देऊ नका. तरीही अटकेची भीती वाटलीच तर सत्र न्यायालयात अटकपूर्व जामीन मागता येतो. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, हेल्पलाइन 15100.

तुमचा पत्ता फिरवणाऱ्यांविरुद्ध स्वतंत्र तक्रार द्या, आणि ती पुण्यातच द्या. हद्दीचं कारण सांगून ठाणं तुम्हाला परत पाठवू शकत नाही, शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवावाच लागतो. अश्लील मजकुरासाठी न्याय संहितेचं कलम 79 आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं 67, धमक्या असतील तर 351. पोलीस आयुक्तांकडे संरक्षणाचा अर्जही त्याच दिवशी द्या. सज्ञान जोडप्यांना असं संरक्षण देण्याची जबाबदारी प्रशासनावर आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या 2018 च्या शक्ती वाहिनी निकालात सांगितलेलं आहे.

लग्न थांबेल ही भीती मात्र सोडा. विशेष विवाह कायद्याखाली आक्षेप फक्त कलम 4 च्या अटींवर घेता येतो : वय, आधीचा जोडीदार हयात असणं, संमती देण्याची मानसिक क्षमता आणि निषिद्ध नातं. वडील नाराज आहेत, गाव नाराज आहे किंवा तुमच्यावर तक्रार आहे, यातलं काहीच आक्षेप होत नाही. कुणी आक्षेप घातलाच तर विवाह अधिकाऱ्याने 30 दिवसांत निकाल द्यायचा असतो, आणि तो विरोधात गेला तर जिल्हा न्यायालयात अपील आहे. विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात 30 दिवस नोटीस लावून ठेवण्याच्या तरतुदीमुळेच तुमचा पत्ता चव्हाट्यावर आला. ही तरतूद जोडप्यांना शत्रूंच्या तावडीत देते आणि ती गेली पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. आज ती कायद्यात आहे, म्हणून तारखा नीट सांभाळा. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत विवाह झाला नाही तर ती रद्द होते आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं. ठाण्याची तारीख आणि विवाहाची तारीख एकाच दिवशी येत असेल तर वकिलामार्फत ठाण्याला आजच लेखी कळवून दुसरी तारीख मागा, विवाहाची पुढे ढकलू नका.