‘जलसमाधी’ की आणखी काही?

एका चित्रकर्तीची कल्पना अशी आहे, की मृतांचे अवशेष समुद्रतळावरील शिल्पांत बसवावेत आणि त्या शिल्पांवर प्रवाळ, कालवे व मासे यांनी पुन्हा वस्ती करावी. या कल्पनेविषयीच्या अनुवादात ‘जलसमाधी’ हा शब्द चालेल का, असे विचारले आहे.

माझ्या मते चालणार नाही. जहाजाला जलसमाधी मिळाली म्हणजे ते बुडाले, आणि कोणी जलसमाधी घेतली म्हणजे त्याने जिवंतपणी पाण्यात देह ठेवला. येथे मात्र मृत्यू आधीच, तोही बहुधा कोरड्या जमिनीवर, झालेला असतो. ‘विसर्जन’ हा शब्द जवळचा वाटला तरी तो उलट दिशेने नेतो. त्यातील ‘वि’ आणि ‘सृज्’ मिळून सोडून देण्याचा अर्थ होतो आणि विसर्जित वस्तू पाण्यात विरून जावी, अशीच अपेक्षा असते. या कल्पनेचा सारा भर तर अवशेष जागच्या जागी राहण्यावर आहे, कारण प्रवाळाच्या पोहणाऱ्या अळीला चिकटून वाढण्यासाठी कठीण आणि स्थिर पृष्ठभाग लागतो. अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात ‘की बिस्केन’ या बेटाच्या किनाऱ्यापासून काही मैलांवर २००७ साली खुल्या झालेल्या नेपच्यून मेमोरियल रीफमध्ये अवशेष सिमेंटमध्ये मिसळून सुमारे १२ मीटर खोलीवर बसवतात; याला विसर्जन कसे म्हणावे?

‘दफन’ हा मूळचा अरबी शब्द मराठीत मातीशी जखडला गेला असला, तरी झाकून ठेवण्याचा त्याचा अर्थ येथे लागू पडतो. नुसते ‘सागरी दफन’ म्हटले, तर जहाजावरून शव समुद्रात सोडण्याची जुनी रीत डोळ्यांपुढे येते; म्हणून माहितीपर मजकुरात ‘सागरतळावरील दफन’ लिहावे. कलाकृतीविषयी लिहिताना मी ‘प्रवाळसमाधी’ हा शब्द सुचवीन. ‘समाधी’ म्हणजे चित्ताची अवस्था, तशीच मृताच्या जागी उभारलेली वास्तूही, आणि ‘जल’ काढून टाकल्याबरोबर बुडण्याची छटा निघून जाते. शब्द नवा आहे, पण समास सरळ आहे.

त्याच मजकुरात ‘राख’ हा शब्द असेल, तर तोही तपासावा. अशा शिल्पांत मिसळतात ती दहनानंतर उरलेल्या हाडांची, मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेटची, दळलेली पूड असते, तेव्हा ‘अस्थिचूर्ण’ अधिक अचूक ठरेल.