दीड लाखात पद्मिनी ड्रॅगला न्यायची असेल तर पैसे आधी पहिल्या १८ मीटरवर लाव

भाऊ, तुझा प्रश्न दोनदा वाचला. आजोबांची १९८६ ची पद्मिनी, चालू कंडिशनमध्ये, हातात दीड लाख, आणि तू विचारून राहिलास की टर्बो लावू की जिप्सीचं इंजिन टाकू, ४०२ मीटरच्या ड्रॅगमध्ये, म्हणजे थांबलेल्या गाडीने सरळ रेषेत पळायच्या रेसमध्ये, जास्त फरक कशाने पडेल. मी माझ्या ८४ च्या पद्मिनीवर इथे नागपुरातच सहा वर्षं हेच करत आलोय, म्हणून जरा लांब लिहितो.

टर्बो डोक्यातून काढ. १०८९ सीसीचं इंजिन, क्रँकला फक्त तीन मेन बेअरिंग, ब्लॉक बिडाचा, हेड अल्युमिनियमचं, आणि वय चाळीस. बूस्ट दिला, म्हणजे टर्बोने हवा दाबून भरली, की आधी हेड गॅस्केट जाणार, नाही गेलं तर खालचं बेअरिंग जाणार. दीड लाखात टर्बो बसेल पण टिकणार नाही.

आता हिशोब बघ, साधा आहे. गाडीचं वजन ड्रायव्हरसकट किलोमध्ये घे, त्याला एचपीने भाग, जे येईल त्याचं घनमूळ काढ आणि ७.५८ ने गुण, क्वार्टर माइलचा, म्हणजे त्याच ४०२ मीटरचा, अंदाजे टाइम सेकंदात मिळतो. पद्मिनी ९०० किलोच्या आसपास, वर तू ७० चा, इंजिन ४२ एचपीचं, म्हणजे २१.६ सेकंद. त्यातून नुसतं ५० किलो कमी कर, २१.२ येतं. बाकी सगळं जमलेलं असताना जिप्सी किंगचं ८० एचपीचं एमपीएफआय (फ्युएल इंजेक्शनवालं) इंजिन टाकलं तर १७.१ पर्यंत जाता येतं. आकडा बघून वाटतं की सरळ इंजिनच टाकावं. मलाही तेच वाटलं होतं. पण हा टाइम कागदावरचा, गाडी सुटली नीट तरच मिळतो, आणि पद्मिनी नीट सुटत नाही.

ड्रॅगमध्ये पहिल्या ६० फुटांचा, म्हणजे १८ मीटरचा टाइम वेगळा मोजतात तो उगाच नाही. तिथे वाचवलेलं शेवटी साधारण दीडपट होऊन मिळतं. आता पद्मिनीत काय होतं ते ऐक. मागे पाटे (कमानीच्या स्प्रिंगा) आणि सॉलिड अ‍ॅक्सल, डिफरन्शिअल साधं. ३५०० आरपीएमवर क्लच सोडला की गिअरबॉक्सची ताकद मागे नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या पिळामुळे मागचं उजवं चाक हलकं होतं, तेच नुसतं फिरतं, आणि अ‍ॅक्सल पाट्यांना इंग्रजी एस सारखं वाकवून धडधड उड्या मारतो. मी मित्राला गाडीबाहेर बाजूला बसवून मोबाइलवर स्लो मोशनमध्ये शूट करायला लावलं तेव्हा दिसलं, चाक एका सुटण्यात चारदा जमीन सोडून राहिलं होतं! आत बसून आपल्याला वाटतं क्लच घसरला.

यावर उपाय स्वस्त आहे. पाट्यांचा अ‍ॅक्सलच्या पुढचा जो अर्धा भाग असतो ना, त्याला दोन-दोन जास्तीचे क्लॅम्प घट्ट मारायचे, मागचा अर्धा मोकळाच ठेवायचा, म्हणजे पुढचा भाग वाकत नाही आणि उड्या बंद होतात. कमानीवाल्याकडे एका दुपारचं काम आहे. बॅटरी बॉनेटखालून काढून डिकीत उजव्या कोपऱ्यात न्यायची, म्हणजे त्या हलक्या होणाऱ्या चाकावर वजन येतं, पक्की बांधून, जाड केबल टाकून, फ्यूज लावून. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडेच बसतो त्याचाही फायदा होतो. मागच्या टायरमध्ये हवा २० पीएसआय, पुढच्यात ४०. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट नवीन. आणि कॉलम शिफ्टच्या लिंकेजचे बुश बदल, कारण ते झिजले की दुसरा गिअर शोधण्यातच अर्धा सेकंद जातो आणि हे बुश काही महाग येत नाहीत. एवढ्यावर माझा १८ मीटरचा टाइम ३.३ वरून २.८ वर आला, इंजिनला हात न लावता.

सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे याच्या प्रॅक्टिसला रस्ता लागत नाही. हिंगणा एमआयडीसीत ओळखीच्या एका कारखान्याचं आवार रविवारी रिकामं असतं, मालकाला विचारून तिथे मी ६० मीटरमध्ये सगळं करतो, सुटायचं, १८ मीटरला टाइम घ्यायचा, ब्रेक. आउटर रिंग रोड किंवा समृद्धीवर जाऊ नको. पोट्टे रात्री जाऊन राहिलेत, मला माहीत आहे, पण समोरून येणाऱ्याने तुझ्या रेसला होकार दिलेला नसतो. पब्लिक रोडवर रेस म्हणजे मोटार वाहन कायद्याचं कलम १८९, पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० पर्यंत दंड किंवा दोन्ही.

वजनाचं म्हणशील तर आधी वाडीला धरमकाट्यावर गाडी नेऊन वजन कर, पुढचा अ‍ॅक्सल वेगळा, मागचा वेगळा. मग मागची सीट, स्टेपनी, जॅक, मॅट, पुढच्या बाकड्याऐवजी एक बकेट सीट. पत्रा कापायचा नाही, काहीच कापायचं नाही, जे निघेल ते बोल्टने निघालं पाहिजे आणि बोल्टनेच परत लागलं पाहिजे. हे मी कळकळीने सांगतो कारण मुंबईत टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी २००३ मध्ये नोंदली गेली आणि २०२३ च्या ऑक्टोबरात तीही रस्त्यावरून गेली, आता उरल्यात त्या घरोघरी जपलेल्याच. तुझी २०३६ मध्ये ५० वर्षांची होईल, विंटेज म्हणून नोंदवता येईल, पण त्यासाठी ती मूळ रूपात लागते.

मग इंजिन. आहे त्यातच आधी काम कर. कंपनीने कॉम्प्रेशन कमी ठेवलेलं, तेव्हाचं पेट्रोल तसं होतं, आजच्या ई२० चा (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा) ऑक्टेन बराच वर आहे, तेवढी जागा आपल्याला मिळते. पण कॉम्प्रेशन वाढवायला हेड प्लेन करायला, म्हणजे खालून घासायला, टाकलं की स्वतः उभं राहा. माझं पहिलं हेड एका वर्कशॉपने तिरकं कापून दिलं, बसवल्यावर चौथ्या सिलिंडरमधून पाणी गेलं. तेव्हापासून मी हेडमधले चारही चेंबर (पेट्रोल जळतं ते खळगे) स्वतः मोजतो, हेड उलटं ठेवायचं, व्हॉल्व्ह आणि प्लग लावलेले, वर भोक पाडलेली अ‍ॅक्रिलिकची पट्टी ग्रीसने चिकटवायची आणि ५० मिलीच्या सिरिंजने रॉकेल सोडायचं. चारही अर्ध्या मिलीच्या आत जुळले पाहिजेत. सोबत पोर्ट साफ, चांगला मॅनिफोल्ड, आणि कार्बोरेटरचा मेन जेट एक-दोन नंबर मोठा, कारण इथेनॉलमुळे मिक्शर पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. जुने रबरी पाइपही बदल, ई२० त्यांना फुगवतं.

आपल्या नागपूरची गोष्ट वेगळीच. मे मध्ये ४५ डिग्रीला पेट्रोल एसी पंपातच (इंजिनवरच्या पेट्रोल पंपात) उकळतं, ओलं फडकं गुंडाळून घरी आलेले आपले काका-मामा आठव. कार्बोरेटरला चालेल असा कमी प्रेशरचा इलेक्ट्रिक पंप मागे टाकीजवळ बसव, तो त्रास संपतो. आणि टाइम डिसेंबरात पहाटे घे, १५ डिग्रीची हवा ४५ च्या हवेपेक्षा दहा टक्के घट्ट असते, ताकद जवळपास तेवढीच वाढते.

जिप्सीचं इंजिन पुढच्या वर्षी. ते चांगलं बसतं कारण जिप्सीचा गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (फोर बाय फोरची पेटी) वेगळे असतात, त्यामुळे गिअरबॉक्सला सरळ प्रोपेलर शाफ्ट बनवून जोडता येतो, आणि ब्लॉक अल्युमिनियमचा म्हणून पुढचं वजनही उतरतं. पण मग रस्त्यावर चालवायची तर आरटीओची आधी परवानगी आणि आरसीवर नोंद लागते, नाहीतर ट्रेलरवरच न्यायची. मूळ इंजिन तेल भरून, प्लास्टिकमध्ये बांधून ठेव, विकू नको.

८० एचपीवर शेवटी गाडी १२५-१३० ला असेल आणि तुझे ब्रेक चारही ड्रम आहेत, एकदा ओढल्यावर दुसऱ्यांदा तसे लागत नाहीत. म्हणून इंजिनच्या आधी पुढे डिस्क. आणि प्रोपेलर शाफ्टच्या पुढच्या क्रॉसजवळ (सांध्याजवळ) ६ मिमी जाड, ५० मिमी रुंद पट्टीचं कडं करून घे. क्रॉस तुटला तर शाफ्टचं टोक रस्त्यात रुततं आणि गाडी उलटू शकते, ते कडं त्याला वर धरून ठेवतं. माझा एकदा तुटला, त्या आवारातच, ४० च्या स्पीडला. कड्यावर शाफ्ट आपटल्याचा आवाज अजून कानात आहे, पण गाडी सरळ थांबली. हेल्मेट, चांगला बेल्ट आणि हाताशी फायर एक्स्टिंग्विशर यावर पैसे वाचवू नको.

या रविवारी धरमकाट्यावर जाऊन ये, पुढचं-मागचं वजन आणि आत्ता जसा आहे तसा १८ मीटरचा टाइम तीनदा घेऊन कळव, मग पाट्यांना क्लॅम्प नेमके कुठे मारायचे ते फोटो बघून सांगतो.